पोलरॉइड, पासबुक आणि सलिव्हनचे सहा नियम

या वीकेंडचा विषय जरा लांबचा आहे. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद कसा संपला असं विचारलं, की आपल्यापैकी बहुतेकजण 'मंडेला' म्हणतात आणि थांबतात. फार तर क्रिकेटवरची बंदी आठवते, आणि १९९१ साली क्लाइव्ह राइसची टीम ईडन गार्डन्सवर उतरली ते आठवतं (म्हणजे बाबांना आठवतं, माझा तेव्हा जन्मही नव्हता). पण बंदी क्रिकेटपुरती नव्हती. पैसा, कोळसा, पोलाद, विमानं, संगणक, सगळ्यावर कधी ना कधी होती. आणि त्या बंदीच्या आधी एक मधला मार्ग काढला होता. तो असा, की परदेशी कंपन्यांनी तिथून निघून जाऊ नये, तिथेच राहावं, पण आपल्या कारखान्यात गोरा-काळा भेद करू नये. हा मधला मार्ग मला गेले काही आठवडे सोडत नाहीये. कारण त्यात आमच्या धंद्याचा, म्हणजे डेटाबेस आणि आयडी कार्डांचा, नको इतका संबंध आहे.

आधी पासबुक म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे पासबुक म्हटलं की बँक. तिथे पासबुक म्हणजे १९५२ च्या कायद्याने १६ वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन माणसाला सतत जवळ बाळगावं लागणारं पुस्तक. सरकारी नाव 'रेफरन्स बुक', लोक चिडून 'डोमपास' म्हणायचे, म्हणजे मूर्ख पास. त्यात फोटो, नोंदणी क्रमांक, कर भरल्याची नोंद आणि मालकाची दर महिन्याची सही. सही नसेल तर शहरात राहायचा हक्क नाही. पोलिसांनी विचारलं आणि पुस्तक घरी राहिलं असेल तर तुरुंग. याच पासविरुद्ध २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला लोक पोलीस ठाण्यासमोर जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. सरकारी आकडा ६९.

आता या पुस्तकात फोटो लागायचा. लाखो लोकांचा, आणि झटपट. झटपट फोटो तेव्हा जगात एकच कंपनी विकत होती.

ऑक्टोबर १९७०. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात पोलरॉइडचं मुख्यालय होतं. कॅरोलाइन हंटर तिथे केमिस्ट होत्या, केन विल्यम्स फोटोग्राफर. दोघंही कृष्णवर्णीय, विशीतिशीतले. एके दिवशी जेवायला निघताना त्यांना बोर्डावर एका ओळखपत्राचा नमुना लावलेला दिसला. खाली दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव. आपली कंपनी दक्षिण आफ्रिकेत आहे हे हंटरना तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी वाचनालयात जाऊन माहिती काढली आणि काही दिवसांतच कंपनीभर पत्रकं लागली. मजकूर असा, की पोलरॉइड काळ्या माणसाला ६० सेकंदांत कैद करते. कंपनीच्या जाहिराती साठ सेकंदांत फोटो म्हणून असायच्या, त्यांनी तेच वाक्य उलटं फिरवलं.

मागण्या तीन होत्या. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा, वर्णभेदाचा जाहीर निषेध करा, आणि तिथे कमावलेला नफा तिथल्या मुक्तिलढ्याला द्या. कंपनीने आधी नाकारलं, मग थोडं मान्य केलं, मग दोन गोरे आणि दोन काळे अशी चार कर्मचाऱ्यांची टीम दक्षिण आफ्रिकेत पाठवली. (कमिटी नेमणे हा प्रकार फक्त आपल्याकडे नाही हे बघून बरं वाटलं.) जानेवारी १९७१ मध्ये मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन पोलरॉइडने एक 'प्रयोग' जाहीर केला. सरकारला माल विकणार नाही. पण देश सोडणार नाही. 'फ्रँक अँड हर्श' नावाचा जो स्थानिक वितरक आहे, त्याच्याकडच्या काळ्या कामगारांचे पगार वाढतील, त्यांना ट्रेनिंग मिळेल, मुलांच्या शिक्षणाला पैसे मिळतील.

फेब्रुवारीत हंटर आणि विल्यम्स यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे साक्ष दिली. विल्यम्स तोवर कंपनीतून बाहेर पडले होते. हंटरना त्याच महिन्यात निलंबित केलं आणि पुढे काढूनच टाकलं.

प्रयोग मात्र चालू राहिला आणि खरं सांगायचं तर काही प्रमाणात चाललाही. पगार वाढले, काहीजणांना बढत्या मिळाल्या. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण या गोष्टीत कंपनीला नुसता खलनायक करून टाकणं सोपं आहे. फ्रँक अँड हर्शमधल्या एखाद्या माणसाच्या घरी त्या वाढीव पगाराने काय फरक पडला असेल, ते इथे पुण्यात बसून हसण्यावारी नेणं मला जमत नाही.

पण त्याच फ्रँक अँड हर्शमध्ये इंद्रेस नायडू नावाचा माणूस नोकरीला लागला होता. दहा वर्षं रॉबेन आयलंडच्या तुरुंगात काढून आलेला. त्याच्या हाती कागद लागले. मालक पोलरॉइडची फिल्म चोरून सरकारला विकत होता. खोक्यांवर नाव नाही, बिल एका फार्मसीच्या नावावर, आणि माल जातो पासबुकं काढणाऱ्या कार्यालयात. कागदांच्या प्रती अमेरिकेत पोचल्या, नोव्हेंबर १९७७ मध्ये 'बॉस्टन ग्लोब'ने बातमी छापली आणि पोलरॉइड दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. सात वर्षं चाललेला प्रयोग एका डिलिव्हरी चलनाने संपला.

हा इंद्रेस नायडू कोण? तर थंबी नायडूंचा नातू. तेच थंबी नायडू, ट्रान्सवालच्या सत्याग्रहात गांधीजींच्या बरोबरीने तुरुंगात जाणारे. तिथल्या भारतीयांचं हे भांडण इतकं जुनं आहे, की दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा पहिला देश भारत होता, आणि तीही स्वातंत्र्याच्या आधी! १९४६ साली तिथल्या सरकारने भारतीयांनी कुठे जमीन घ्यावी आणि कुठे राहावं यावर निर्बंध घालणारा कायदा केला. आपले तिथले हाय कमिशनर होते वऱ्हाडातले रामराव देशमुख. त्यांना परत बोलावलं आणि जुलै १९४६ मध्ये व्यापार बंद केला. तेव्हा भारताच्या एकूण निर्यातीचा सुमारे ५ टक्के माल दक्षिण आफ्रिकेला जायचा. म्हणजे दुखलं आपल्यालाच जास्त. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडितांनी संयुक्त राष्ट्रांत हा प्रश्न लावून धरला. पुढे कितीतरी वर्षं भारतीय पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असं लिहिलेलं असायचं. १९७४ साली डेव्हिस कपची फायनल आपण खेळलोच नाही, कप त्यांना देऊन टाकला. असो. पण एकट्या भारताच्या बंदीने प्रिटोरियाचं काही अडत नव्हतं. अडलं असतं ते ज्यांची भांडवलं तिथे गुंतली होती त्यांनी मनावर घेतलं असतं तर. म्हणजे ब्रिटन आणि अमेरिका.

तिथेच रेव्हरंड लिऑन सलिव्हन येतात. फिलाडेल्फियाच्या झायन बाप्टिस्ट चर्चचे पाद्री, सहा फुटांपेक्षा बरेच उंच, आवाज खणखणीत. वर्णभेदाशी पैशाने लढायचं हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९६० च्या आसपास फिलाडेल्फियात त्यांनी चारशेएक पाद्र्यांना एकत्र करून सोपी मोहीम काढली होती. जी कंपनी काळ्यांना नोकरी देत नाही, तिचा माल रविवारच्या प्रवचनानंतर कुणी घ्यायचा नाही. सुरुवात केक आणि पाय बनवणाऱ्या टेस्टी बेकिंग कंपनीपासून. कंपनी नमली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. १९७१ साली जनरल मोटर्सने त्यांना संचालक मंडळावर घेतलं, तिथले ते पहिले कृष्णवर्णीय संचालक. आणि त्याच वर्षीच्या वार्षिक सभेत सलिव्हन उठून उभे राहिले आणि आपल्याच मंडळाच्या विरोधात बोलले. एपिस्कोपल चर्चने ठराव आणला होता, की जीएमने दक्षिण आफ्रिका सोडावी. ठराव आपटला, दोन टक्केसुद्धा मतं पडली नाहीत.

मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. १ मार्च १९७७ रोजी बारा अमेरिकन कंपन्यांच्या सह्यांनिशी त्यांनी सहा तत्त्वं जाहीर केली. जेवणाची जागा, स्वच्छतागृहं आणि कामाच्या जागा सगळ्यांना एकच. नोकरीत समान वागणूक. समान कामाला समान पगार. काळ्या कामगारांना वरच्या कामांचं प्रशिक्षण. त्यांना सुपरवायझर आणि मॅनेजर करणं. आणि कारखान्याबाहेर त्यांची घरं, शाळा, आरोग्य यांकडे लक्ष देणं. बारा सह्यांमध्ये जीएम, फोर्ड, आयबीएम, मोबिल, सिटिकॉर्प होत्या. युनियन कार्बाइडपण होती. हो, तीच. त्याच सप्टेंबरात युरोपीय देशांनीही आपल्या कंपन्यांसाठी तशीच आचारसंहिता काढली.

आज हे नियम वाचताना वाटतं, यात काय मोठं? पण तेव्हाचा दक्षिण आफ्रिकेचा कायदा उलट सांगत होता. कारखान्यात वंशाप्रमाणे वेगळी स्वच्छतागृहं हवीत. ठरावीक कामं फक्त गोऱ्यांसाठी राखीव. काळ्यांच्या युनियनला १९७९ पर्यंत कायदेशीर मान्यताच नाही. म्हणजे कँटीनमध्ये एकच टेबल टाकणं हासुद्धा कायद्याला दिलेला धक्का होता. आणि धक्के आतूनही बसत होते. १९७३ च्या जानेवारीत डर्बनच्या एका विटांच्या कारखान्यात संप सुरू झाला आणि तीन महिन्यांत शहरात साठ हजारांवर कामगारांनी काम बंद केलं. त्याच वर्षी 'गार्डियन'ने छापलं की तिथल्या बऱ्याच ब्रिटिश कंपन्या दारिद्र्यरेषेच्याही खाली पगार देतात, आणि ब्रिटिश संसदेला चौकशी करावी लागली. नियम आकाशातून पडले नव्हते.

कंपन्यांचं पालन तपासायचं काम आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीकडे होतं. दरवर्षी प्रगतिपुस्तक निघायचं. 'चांगली प्रगती', 'प्रगती', 'अधिक सक्रिय होण्याची गरज'. फॉर्म कंपनीने स्वतःच भरायचा. ज्यांनी क्लायंटच्या ऑडिटच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात काय धावपळ चालते ते पाहिलंय, त्यांना यावर जास्त सांगायला नको. तरी शंभराहून जास्त कंपन्या सामील झाल्या, शाळांना आणि घरांना खरोखरचा पैसा गेला, काळे फोरमन गोऱ्या कामगारांवर देखरेख करताना दिसू लागले. हे झालं.

आता मला खटकणारी गोष्ट. सहा तत्त्वांपैकी प्रत्येक तत्त्व विचारतं, की तू तुझ्या कामगारांना कसं वागवतोस? एकही तत्त्व विचारत नाही, की तू बनवतोस काय आणि विकतोस कुणाला?

आयबीएम पहिल्या बारांत होती आणि प्रगतिपुस्तकात तिचा नंबर वर असायचा. कँटीन एक, पगार समान, ट्रेनिंग उत्तम. आणि दक्षिण आफ्रिकेच्या गृहखात्याची लोकसंख्या नोंदणी आयबीएमच्या यंत्रांवर चालायची. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसावर जो वंशाचा शिक्का मारला होता, तो गोऱ्यांच्या, 'कलर्ड' लोकांच्या आणि भारतीयांच्या बाबतीत या यंत्रांत साठवलेला. आफ्रिकनांची पासबुक यंत्रणा ब्रिटनच्या आयसीएलकडे होती. म्हणजे जातिभेद न करणाऱ्या खोलीत बसून, समान पगार घेऊन, एक काळा ऑपरेटर ते टेप चालवू शकत होता ज्यात त्याच्याच भावाला शहरातून हाकलण्याची नोंद आहे. मी ही कल्पना करतोय, असा ठरावीक माणूस मला माहीत नाही. पण नियमांत ते बसत होतं, हे नक्की. अमेरिकेने १९७८ साली दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस आणि लष्कराला माल विकायला बंदी केली, पण नोंदणी करणारं खातं म्हणजे पोलीस नव्हे ना!

हंटर आणि विल्यम्स यांनी १९७० मध्ये दुसराच प्रश्न आधी विचारला होता. कंपनीने त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाने दिलं. पगार वाढवतो, म्हणाली. माझ्या मते सलिव्हनच्या नियमांची सगळी ताकद आणि सगळी कमजोरी या अदलाबदलीत आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंत नियम चालतो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की त्याच कामगाराला पास दाखवावा लागतो. बिशप टुटूंचं म्हणणं होतं, की आम्हाला बेड्या आरामदायक करून नकोत, त्या काढून हव्यात.

सलिव्हनना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९८४ साली त्यांनी सातवं तत्त्व घातलं, की कंपन्यांनी वर्णभेदाचे कायदेच जावेत म्हणून उघडपणे प्रयत्न करावेत. आणि १९८५ मध्ये त्यांनी जे केलं त्यासाठी मला हा माणूस मनापासून आवडतो. त्यांनी स्वतःच्या योजनेला तारीख लावली. ३१ मे १९८७ पर्यंत वर्णभेद गेला नाही, तर कंपन्यांनी निघून जावं. आपणच सुरू केलेल्या प्रोजेक्टला अशी तारीख लावणारे किती भेटतात?

दरम्यान खरा दणका भलतीकडूनच बसला. १९८४ पासून काळ्या वस्त्या पेटल्या होत्या, जुलै १९८५ मध्ये आणीबाणी लागली आणि त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने ठरवलं की अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायची नाहीत. यात नीतीचा भाग किती आणि बुडीत कर्जाच्या भीतीचा किती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बाकीच्या बँकाही मागे आल्या. १५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष बोथा डर्बनमध्ये मोठ्या सुधारणा जाहीर करतील अशी हवा होती. त्यांनी उलट बोट नाचवत जगाला सुनावलं. रँड कोसळला. ऑगस्टच्या अखेरीस शेअर बाजार आणि चलन बाजार बंद करावे लागले आणि १ सप्टेंबरला सरकारने कर्जफेड थांबवली. सुमारे २४ अब्ज डॉलर परकीय कर्जापैकी १४ अब्जांच्या आसपास गोठलं. सोन्याच्या खाणी असलेला देश कर्ज फेडू शकत नाही म्हणाला.

१९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने निर्बंधांचा कायदा केला. रेगन यांनी नकाराधिकार वापरला, तो दोन्ही सभागृहांनी मोडून काढला. सिनेटमध्ये २ ऑक्टोबरला ७८ विरुद्ध २१. नवी गुंतवणूक बंद, कोळसा, युरेनियम, लोखंड, पोलाद, कापड, शेतमाल यांची आयात बंद, साउथ आफ्रिकन एअरवेजला उतरायला बंदी. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची दोन कलमं. पंचवीसपेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या अमेरिकन कंपन्यांना तिथे सलिव्हनसारखी आचारसंहिता आता सक्तीची झाली. आणि वर्णभेद राबवणाऱ्या सरकारी खात्यांना संगणक विकायला बंदी. दोन्ही प्रश्न एकाच कागदावर आले, पोलरॉइडच्या त्या बोर्डानंतर सोळा वर्षांनी.

गंमत म्हणजे पासचा कायदा त्याच्या तीन महिने आधी, जुलै १९८६ मध्येच रद्द झाला होता. त्याचं श्रेय अमेरिकन कायद्याला देता येत नाही. माणसं पास असो-नसो शहरात येतच राहिली, लाखोंनी, आणि तुरुंग पुरेनात. तिथल्या उद्योगांनाही शहरात टिकून राहणारा कामगार हवा होता. निर्बंधांनी सगळं केलं असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९८६ मध्ये, जीएम आणि आयबीएम यांनी लागोपाठच्या दोन दिवशी दक्षिण आफ्रिका सोडत असल्याचं जाहीर केलं. सोडली म्हणजे तिथल्या मॅनेजरांना विकली. जीएमची 'डेल्टा' झाली आणि त्याच गाड्या बनत राहिल्या. आयबीएमची यंत्रंही विकली जात राहिली, पाटी बदलून. पोर्ट एलिझाबेथला जीएमच्या कामगारांनी संप केला, की तुम्ही जाताय तर आमची भरपाई, आमचा पेन्शनचा पैसा? ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हेलन सुझमन यांच्यासारख्या वर्णभेदाशी आयुष्यभर भांडलेल्या खासदार निर्बंधांच्या विरोधात होत्या, कारण आधी उपाशी राहणार तो काळा माणूस. उलट १९८५ मध्ये स्थापन झालेला कामगार महासंघ 'कोसाटू' निर्बंधांच्या बाजूने होता. नोकऱ्या जाणार त्यांच्याच होत्या. मला दोघांपैकी निवडायचं झालं तर मी कोसाटूचं ऐकेन, निव्वळ या कारणासाठी की किंमत मोजणारे ते होते.

३ जून १९८७ रोजी, मुदत संपल्यावर तीन दिवसांनी, सलिव्हन यांनी जाहीर केलं की आपले नियम वर्णभेद संपवायला पुरे पडले नाहीत, सगळ्या अमेरिकन कंपन्यांनी निघावं आणि अमेरिकेने व्यापारच तोडावा. दहा वर्षांचं काम त्यांनी स्वतः बंद केलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले. १९९३ साली भारतानेही सत्तेचाळीस वर्षांची बंदी उठवली. १९९४ मध्ये निवडणूक झाली. हंटर केंब्रिजच्या सरकारी शाळांत शिक्षिका झाल्या. सलिव्हन २००१ मध्ये वारले.

दुसरा प्रश्न मात्र एकदा कोर्टात गेला. २००२ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या बळींनी न्यूयॉर्कमध्ये फोर्ड, जीएम, आयबीएम वगैरेंवर दावे लावले. आयबीएमवर आरोप असा, की लोकांचे हक्क काढून घेणारी ओळखपत्रं तिच्या यंत्रणेने बनवली. जीएमची जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली होती, तिने २०१२ साली १५ लाख डॉलरपर्यंतची तडजोड केली. बाकीचा दावा २०१५ मध्ये अपील कोर्टाने फेटाळला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्रं कशाला वापरली जाणार हे कंपनीला माहीत होतं एवढं पुरत नाही, तसा वापर व्हावा हा तिचा हेतू होता असं दाखवावं लागेल. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला आणि फाइल बंद झाली.